उत्तर देणारी पाखरं

३ मार्च

डॉक्टर रेतनोंनी दोन वह्या दिल्या. एक पाखरांची, ती दर महिन्याच्या शेवटी शहरात, विद्यापीठात त्यांच्याकडे पाठवायची. दुसरी माझी. म्हणाल्या, "रानात काम करणाऱ्या माणसाने स्वतःचीही नोंद ठेवावी, तिना. ही कुणाला दाखवायची नाही." मला आवडलं ते. बारावी झाल्यापासून मला कुणी कोरी वही दिली नव्हती.

तर काम असं आहे. गावामागे डोंगराची जी पश्चिमेची सोंड आहे तिच्यावर चौदा खांब ठोकलेत. प्रत्येक खांब आधीच्यापेक्षा पन्नास मीटर उंच. पहिला कोबीच्या शेताच्या वरच्या बांधाला, चौदावा ढगात. खालच्या आठ खांबांवर तलेदेकन राहतो. पाठ निळी, छाती संत्र्याच्या सालीच्या रंगाची. वरच्या सहांवर निनोन, सगळाच्या सगळा निळीत बुडवून काढल्यासारखा. दोघंही आपापली हद्द राखून असतात. मी प्रत्येक खांबाशी थांबून स्पीकरवर आधी तलेदेकनचं गाणं लावायचं, मग निनोनचं, आणि लिहायचं की कोण आलं, किती सेकंदांत आलं, किती हातांवर येऊन बसलं. आठव्या-नवव्या खांबाशी तर ते एकमेकांच्या गाण्यावरही चवताळून येतात. म्हणजे डोंगरावर दोघांनी मिळून एक रेघ ओढून घेतली आहे. हल्ली ऊन वाढलंय, तर ती रेघ वर सरकते आहे का, हे डॉक्टरांना बघायचंय.

स्पीकर आणि बॅटरी वार्सितो वाहतो. माझा नवरा. तोंडावर मी त्याला मास म्हणते, इथे नावच बरं.

९ मार्च

आज अंगणात पिंजरे जाळले. डॉक्टरांनी तशी अट घातली नव्हती, मीच सुचवलं. ज्या घरातली बाई पाखरं मोजते त्या घरात पिंजरे कसे शोभतील? एकवीस निघाले. त्यात सासऱ्यांच्या हातचा एक सागाचा होता, पायांवर नक्षी कोरलेला. वार्सितो म्हणाला, "हा एवढा राहू दे. रिकामाच टांगू."

"रिकामा पिंजरा बघून लोक काय समजतील ते तुम्हाला कळत नाही, मास," मी म्हटलं. डॉक्टर कॅमेरा घेऊन उभ्या होत्या, वेळ नव्हता.

फोटोत तो हसतोय. मनाला लावून घेतलं नाही त्याने. सासूबाईंना आम्ही सिंबोक म्हणतो, त्या मात्र ओट्यावरून ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "पाच गावांत कुणाला सापडत नव्हती ती पाखरं माझ्या लेकाने धरली. आता बायकोचं ओझं धरतो."

त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही, असं मी ठरवलंय.

२१ मार्च

आता मला एकेक नर आवाजावरून ओळखू येतो. दुसऱ्या खांबाचा गाताना मध्येच अडखळतो. सहाव्या खांबाचा गाणं संपवताना गंजलेल्या बिजागरीसारखा करकरतो. आठव्याचा तर चोर आहे, शेजारच्या निनोनचे दोन सूर उचलून स्वतःच्या गाण्यात घालतो. डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "तिना, तुमचा कान माझ्या विद्यार्थ्यांना उसना द्या."

वार्सितो मागे उकिडवा बसून असतो. आज फॉर्मवर वाकून विचारत होता, "हे आकडे कसले?" त्याच्या बोटांना माती होती म्हणून मी कागद बाजूला घेतला. मग लहान पोराला सांगावं तसं सांगितलं: हा सेकंदांचा आकडा, हा हातांचा, ही फांदीची बाजू. मान डोलावली. किती शिरलं कोण जाणे. तिसरीत शाळा सोडलेला माणूस.

१४ एप्रिल

वार्सितोने दोन्ही गाणी आपल्या फोनवर मागून घेतली. "मलाही शिकायचंय," म्हणाला. बरं वाटलं. माणूस बदलू शकतो.

२ मे

पहिला खांब गप्प. तीन मिनिटं गाणं वाजवलं, कुणी आलं नाही. खाली कोबीवर औषध मारलंय, त्यामुळे असेल. नोंदीत तसं लिहिलं.

२८ मे

पहिला, दुसरा, तिसरा, तिघेही गप्प. तो अडखळणारा गेला याचं वाईट वाटलं. औषधाचा वास तिसऱ्या खांबापर्यंत कसा पोचेल? मग ऊनच. डॉक्टर म्हणत होत्या तेच खरं होतंय. खालची पाखरं वर निघाली.

वार्सितो हल्ली विसरभोळा झालाय. उतरून घरी आलो की त्याला आठवतं, कोयता वरच राहिला. या महिन्यात चारदा परत गेला. मी म्हटलं, "मास, उद्या मलाच विसरून याल." तो म्हणाला, "तुला कसं विसरेन, तू तर पुढे असतेस."

हातांना रॉकेलचा वास येतो. मोटरसायकलची साखळी धुतो म्हणे. स्वयंपाकघरात बरणीभर रातकिडे आणून ठेवलेत, मासेमारीला. रात्रभर किरकिरतात.

११ जून

गावच्या सभागृहात डॉक्टरांनी कामाची माहिती दिली. मला पुढे बोलावून म्हणाल्या, "या पार्तिनाबाई, या डोंगरावर माझे डोळे आणि कान." टाळ्या झाल्या. मग वार्सितोकडे बघून जरा थबकल्या, नाव आठवेना. "आणि हे त्यांचं सामान वाहतात." लोक हसले. मागून कोणी तरी ओरडलं, "बायकोचा हमाल!" मीसुद्धा हसले, तोही हसला. एकंदर सभा छान झाली.

१९ जुलै

पाचव्या खांबापर्यंत सगळं गप्प होतं हे जून अखेरीस पाखरांच्या वहीत लिहिलंच आहे. आज सहावा गप्प, सातवा गप्प. आठव्याशी मी तलेदेकनचं गाणं लावलं, कुणी आलं नाही. मग निनोनचं लावलं आणि नऊ सेकंदांत निनोन आला! आठव्या खांबावर! तिथून उतरून सातव्याशी पुन्हा लावलं, तिथेही आला, तीन हातांवर बसून तणतणला. ऊन वाढलं की पाखरांनी वर जायला हवं, आणि हा खाली आलाय.

डॉक्टरांना डोंगरावरूनच फोन केला. त्यांनी खांबांचे नंबर दोनदा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "तिना, हे काय आहे ते कळतंय का तुम्हाला? असं कुणीच पाहिलेलं नाही. सप्टेंबरात शहरात परिषद आहे. तुम्ही यायचं. तुम्ही बोलायचं."

वार्सितोला सांगितलं. तो बॅटरीची वायर गुंडाळत होता. म्हणाला, "खालची जागा रिकामी झाली तर वरचा उतरणारच की." त्याला त्यातलं काय कळतं! पण मी आनंदात होते, सोडून दिलं.

६ ऑगस्ट

वार्सितोने मला बूट आणले. रानात घालायचे, घोट्यावर येणारे, शहरातल्या दुकानातले. तंबाखूला भाव मिळाला म्हणाला. आमची तंबाखू अजून वाळतेय असं मला वाटत होतं, पण हिशेब तोच बघतो. इतक्या वर्षांत त्याने माझ्या पायांकडे बघितलं तरी!

सिंबोक भाजी चिरताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "घरात रातकिडे ओरडतायत. रानात काही ओरडत नाही." म्हातारपणी माणूस काहीही जोडतं.

३ सप्टेंबर

शहरातून परत आले. सगळं लिहायला बसले तर वही संपेल. एवढंच लिहिते, की थंडगार हॉलमध्ये शंभरावर माणसं होती आणि मी माइकवर म्हणाले, "माझं नाव पार्तिना, मी डोंगराची आहे." निनोन खाली कसा आला ते सांगितलं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी उठून विचारलं, "सहा महिन्यांत आठ जोड्या कुठे गेल्या?" मी म्हटलं, "वर गेल्या असाव्यात." ते म्हणाले, "वर तर तुम्हाला एकही दिसली नाही." डॉक्टरांनी सावरून घेतलं. टाळ्या खूप झाल्या. हॉटेलात पलंगावर बसून मी एकटीच हसत होते.

म्हाताऱ्याचा तो प्रश्न जेवताना मात्र परत आठवला.

१७ सप्टेंबर

आज पहिंगचा, दर पाचव्या दिवशी भरतो तो बाजार. सिंबोकच्या गुडघ्याचं तेल आणायला मीच गेले. बाजारामागच्या मैदानात पाखरांच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात. तिकडे मी कधी जात नाही. तेल घेऊन वळले आणि तारेच्या कुंपणापलीकडून बिजागरी करकरली.

आधी वाटलं, कुठलं तरी दार असेल. पुन्हा करकरली. तीन सूर, मग एक लांब, मग करकर. मी फाटकातून आत गेले.

तारेला पिंजरे टांगले होते, प्रत्येकावर नंबर. खाली मालक उड्या मारत होते, शिट्ट्या घालत होते, आपापल्या पाखराला चिथवत होते. मी डोळे मिटून उभी राहिले. उजवीकडे कोणी तरी गाता गाता अडखळत होता. त्याच्या पलीकडे बिजागरी. आणि अगदी टोकाला एका पिंजऱ्यातून तलेदेकनच्या गाण्यात निनोनचे दोन सूर आले, चोरलेले. आठवा खांब. माझी अख्खी सोंड तिथे तारेला टांगली होती. पंच झेंड्या घेऊन तिच्याखालून फिरत होते.

मैदान चालवणारे जुमिरानकाका ओळखीचे. मला बघून हात जोडून आले. "अरे, वार्सितोची बायको! या, या. नवऱ्याने यंदा कमाल केली हो. मधे हात थंड पडला होता त्याचा. हे सगळे त्याचेच. माल एक नंबर! रातकिड्यांवर पोसलेला, अंगावर ओरखडा नाही एकाच्या."

तेलाची बाटली तिथेच कुठे तरी राहिली.

१८ सप्टेंबर

तो जेवत होता. मी म्हटलं, "सहावा खांब. बिजागरीवाला."

त्याने तेंपेचा घास गिळला. "चांगला बोलतो ना? काल पहिला आला, ऐकलं."

"मास, तुम्ही मला तोंडावर फसवलंत."

"तोंडावर कसं फसवणार? तू पुढे, मी मागे."

"कधी धरलेत?"

"कोयता विसरायचो ना मी." पाणी प्यायला. आवाज जराही चढला नाही त्याचा, तेच मला सहन होईना. "तू बोलवायचीस, ते चिडून यायचे. चिडलेलं पाखरू फांदीला काय लावलंय ते बघत नाही. आणि तुझे कागद होतेच. कुठला किती सेकंदांत येतो, कुठल्या बाजूच्या फांदीवर बसतो, सगळं लिहून ठेवलेलं. माझ्या बापाला एकेक नर कळायला महिना लागायचा."

"पण तुम्हाला वाचता..." मी म्हटलं, आणि थांबले.

"सावकाश येतं," तो म्हणाला.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहायचं नाही मला. डॉक्टरांसमोर तोंड कसं दाखवू म्हटलं, तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. "डॉक्टर, डॉक्टर! सात महिने त्या बाईला माझं नाव आठवत नाही. तू तरी कधी सांगितलंस?"

सिंबोक दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भांडा. निदान घरात कोणी तरी बोलतंय."

मग मागे जाऊन रडले. पाखरांसाठी रडले असं लिहिणार होते. पण ही वही कुणाला दाखवायची नाही म्हणून खरं लिहिते. त्या टाळ्यांसाठी रडले.

२४ सप्टेंबर

सहा दिवस डोंगरावर गेले नाही. ताप आहे असं कळवलं. आज डॉक्टरांना फोन करून सगळं सांगून टाकलं. पाखरं वर गेली नाहीत, माझ्या नवऱ्याने फणसाच्या चिकाने धरून विकली. निनोन उतरला तो शेजार रिकामा झाला म्हणून. मी शहरात जे बोलले ते खोटं होतं.

त्या रागावतील, कामावरून काढतील, पोलिसांत देतील. मी सगळ्याची तयारी केली होती.

डॉक्टर म्हणाल्या, "तारखा आठवतील का त्यांना?"

१ ऑक्टोबर

डॉक्टर येऊन गेल्या. वार्सितो बाटिकचा शर्ट घालून बसला होता. त्या त्याला पाक वार्सितो म्हणाल्या, अगदी मानाने, आणि सिंबोकनी पहिल्यांदाच त्यांच्यासाठी स्वतः केळी तळली.

त्याला सगळं आठवत होतं. "पाचवा खांब, जूनची सव्वीस. नर सकाळी, मादी उन्हं कलल्यावर. तिने आधी दोन तास त्याला हाका मारल्या." डॉक्टर खाली मान घालून लिहीत होत्या. नवा फॉर्म आणला होता त्यांनी. त्यात खांब, तारीख, नर की मादी, आणि शेवटचा रकाना, 'कुणी काढला'. धरला नाही. काढला.

"हे बघा तिना," त्या मला म्हणाल्या, "जे झालं त्याचं मला फार वाईट वाटलं. झोप लागली नाही मला. पण हा प्रयोग करायची परवानगी मला जन्मात मिळाली नसती. खालचा काढला की वरचा उतरतो, हे आता तारखांनिशी आपल्या हातात आहे. ते वाया घालवायचं का? तुमचं काम यात आहेच."

मी म्हटलं, "हो, डॉक्टर."

निघताना त्या चहाच्या कपाकडे बघत म्हणाल्या, "अडचण एवढीच, की एका सोंडेवरून काही सिद्ध होत नाही. पूर्वेच्या सोंडेवर तलेदेकन किती असतील?"

"अकरा जोड्या," वार्सितो लगेच म्हणाला.

"तिकडेही असंच घडलं असतं, तर मग कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नसती."

वार्सितोने लवंगेची सिगारेट पेटवली. डॉक्टर 'असतं तर' म्हणाल्या, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. शिकलेल्या माणसांचं बोलणं जर-तरचंच असतं. त्यांना तसं काही म्हणायचं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

अंगणात, भर उन्हात, सगळ्यांसमोर वार्सितो फणसाचा चीक कढवतोय.

"मास, त्यांनी असं सांगितलेलं नाही."

"मग काय सांगितलं?"

मी उभी राहिले. खरंच, मग काय सांगितलं?

"फोन करून विचार," तो म्हणाला. काठीने चीक ढवळत राहिला.

फोन केला. पहिल्या घंटेला उचलला. मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "तिना, काही गोष्टी मला विचारू नका. माझी तुम्हाला विनंती आहे."

१४ ऑक्टोबर

उजाडताच स्पीकर उचलला आणि एकटीच पूर्वेच्या सोंडेवर गेले. त्याच्या आधी पोचायचं होतं. डोक्यात एकच विचार होता. गाणं लावायचं, नर आला की त्याच्या आजूबाजूला खडे मारायचे. हा आवाज आला की अंगावर दगड येतात, एवढं त्याला कळलं पाहिजे. मग वार्सितोने फोन वाजवला तरी तो येणार नाही. त्याने उत्तर द्यायचं बंद केलं की तो वाचला.

पहिला नर अकरा सेकंदांत आला. खडा मारला, तो बांबूत उडाला. गाणं पुन्हा लावलं. पुन्हा आला, आधीपेक्षा जवळ. पुन्हा मारला. परत आला. पाच वेळा. त्याला दगड कळतच नव्हता. त्याच्या जागेत कोणी तरी गातंय, एवढंच त्याला कळत होतं. "जा की, मूर्खा!" मी रडत ओरडले. "ऐकू नकोस! गप बस ना!"

दुसराही तसाच, तिसराही तसाच. चौथा तर थेट स्पीकरवर येऊन बसला, छाती फुगवून, माझ्या पायांपासून हातभरावर. मी मूठ भरून खडे मारले. खालून उचललेले किती मोठे होते ते बघितलंच नाही.

तो घसरून पानांवर पडला. मी उचलला तेव्हा चोच उघडी होती. स्पीकरवर गाणं चालूच होतं आणि मादी वर हाका मारत होती. हातात गरम होता, मग नव्हता.

त्याला रुमालात गुंडाळून घरी आले. डॉक्टरांचा फॉर्म टेबलावरच होता. लिहिलं: पूर्वेची सोंड. १४ ऑक्टोबर. नर. शेवटच्या रकान्यात माझं नाव, पूर्ण, पार्तिना.

वार्सितो आला. फॉर्म उचलून बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. मग रुमाल उघडला. पंख हलकेच पसरून बघितला, छातीवर फुंकर मारून पिसं बाजूला केली. मला वाटलं आता टोमणा येईल, मी वाटच बघत होते. पण त्याने तो पुन्हा नीट गुंडाळला.

"दोन वर्षांचा होता," तो म्हणाला. "माझ्या चिकाला चिकटला असता तर आज जिवंत असता."

मग हात धुऊन आला आणि भात आहे का म्हणून विचारलं. मी वाढला.